चार दिवसांचं रूप

मैत्रिणींनो, तुमच्या आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याआड, खालून गुंडाळत गुंडाळत आणलेली एखादी ट्यूब आहे का हो? माझ्या फळीवर ती जवळजवळ तीन वर्षं होती. घरातलं तेल-तिखट संपलं तर मी शेजारून वाटीभर आणून वेळ भागवत असे, पण ही ट्यूब संपायच्या आधी दुसरी आणून ठेवलेली असायची. त्या ट्यूबची ही गोष्ट. सांगायला लाज वाटते, कारण त्यात मी एकटीच पोळले नाही, घरातल्या एका पोरीलाही ओढलं.

सुरुवात तशी साधीच. चाळिशी उलटली आणि भाकरी करताना माझे गाल तापायला लागले. आमचं गाव बार्शी. इथलं ऊन काय सांगावं! वाटलं, उन्हाचंच असेल. पण पुढं थंडीतही गरम चहा घेतला की नाक-गाल लालबुंद. काळ्या तिखटाची आमटी खाल्ली की तेच. आधी ही लाली तासाभरात उतरायची, मग उतरेनाशी झाली आणि तिच्यावर बारीक बारीक पुळ्या आल्या. मी पतसंस्थेत काउंटरला बसते. रोज कुणी ना कुणी विचारायचं, "मॅडम, बीपी वाढलंय का?" नाहीतर, "आज कुणावर चिडलाय?" मी कोरफड लावली, मुलतानी माती लावली, कुणी सांगितलं म्हणून लिंबूसुद्धा चोळलं. लिंबानं तर डोळ्यांतून पाणी काढलं.

मग एक दिवस शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं पर्समधून ट्यूब काढली. "ही लाव रात्री. माझे वांगाचे डाग हिच्यानंच गेले." तिला ती मेडिकलवाल्यानं दिली होती. डॉक्टर कुठंच नाही मध्ये. मी लावली आणि चौथ्या दिवशी चेहरा नितळ! 2022 च्या संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका विचारत होत्या, "काय गं, कुठल्या पार्लरला जातेस?" खरं सांगते, लग्नानंतर माझ्या चेहऱ्याचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी चारजणींना ट्यूबचं नाव सांगितलं. वाणच म्हणायचं ते!

आधी आठवड्यातून दोनदा लावलं तरी पुरायचं. मग एक दिवसाआड, मग रोज, मग सकाळ-संध्याकाळ. एक रात्र चुकली की सकाळी गाल असे पेटायचे की साधं पाणीही झोंबायचं. एकदा माहेरी जाताना ट्यूब विसरले, तर तिसऱ्या दिवशी तोंड सुजलं. मी काय समजावं? की आपला आजार केवढा मोठा आहे आणि ही क्रीम बिचारी त्याला कशी थोपवून धरतेय! सगळी गोम इथंच होती, पण ती कळायला फार उशीर झाला. गालांवर लाल दोऱ्यासारख्या बारीक शिरा दिसायला लागल्या. कानशिलाजवळ लव वाढली. पार्लरवाली म्हणाली, "ताई, तुमची कातडी दोऱ्यानं सोलतेय हो." एवढं होऊनही मी काय केलं, तर क्रीम थोडी जास्त लावली.

माझी पुतणी, म्हणजे मोठ्या जाऊबाईंची मुलगी, लातूरला वसतिगृहात राहून बी.एस्सी. करत होती. 2024 च्या गणपतीत ती घरी आली. दिवाळीनंतर तिला बघायला पाहुणे यायचं चाललं होतं. पोरगी सावळी, तरतरीत. कपाळावर चार तारुण्यपीटिका, त्या वयात कुणालाही असतात तशा. जाऊबाई म्हणाल्या, "तू काय लावतेस ते हिलाही दे की." मी दिली. नुसती दिली नाही, आरशासमोर बसवून कशी लावायची ते दाखवलं आणि एक नवी कोरी ट्यूब तिच्या बॅगेत टाकली.

महिन्याभरात तिचा फोनवर फोटो आला. उजळली होती खरंच. मग परीक्षेच्या गडबडीत ट्यूब संपली, आठ-दहा दिवस लावायची राहिली. दिवाळीला दारात उभी राहिली ती रुमाल बांधूनच. कपाळावर चार होत्या तिथं हनुवटीपर्यंत सगळा चेहरा एकसारख्या लाल पुळ्यांनी भरलेला. हात लावू देईना. पाहुण्यांना "नंतर या" म्हणून कळवलं, तर मध्यस्थानं विचारलं, "मुलीला काही अंगावरचा आजार आहे का?" जाऊबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. आम्ही एकाच वाड्यात राहतो. नळाला पाणी आलं की एकमेकींना हाक मारायचो, तीही बंद झाली.

माझं माहेर सोलापूर. तिथल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे पुतणीला घेऊन गेले. त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि मग माझ्याकडंच बघत राहिल्या.

"तुम्ही चेहऱ्याला काय लावता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"म्हणजे... आपली साधी क्रीम."

"आहे का पर्समध्ये?"

होती ना! त्यांनी ती मलाच वाचायला लावली. मोठ्या अक्षरातलं नाव नाही, त्याखालची मुंगीएवढी अक्षरं. बीटामिथासोन. "हे स्टिरॉइड आहे," त्या म्हणाल्या. मला स्टिरॉइड म्हणजे पैलवान घेतात ते, एवढंच ठाऊक!

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. मला मुळात झाला होता तो रोझेशिया. आपल्या बोलीत याला वेगळं नाव नाही, म्हणून आपण त्याला ऊन, पित्त, मुरूम असं काहीही म्हणत बसतो. यात चेहऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फार लवकर फुलतात. ऊन, चुलीची धग, गरम चहा, तिखट, मनस्ताप, काहीही पुरतं. गोऱ्या लोकांचा आजार म्हणतात, पण सावळ्या कातडीतही होतो, फक्त लाली चटकन दिसत नाही म्हणून ओळखायचा राहतो. स्टिरॉइड या रक्तवाहिन्यांना आवळून धरतं, सूज दाबतं. गालांत रक्त कमी, म्हणून चेहरा फिकट दिसतो, आणि त्या फिकटपणालाच आपण उजळणं म्हणतो. आजार आत तसाच असतो. औषधाचा जोर ओसरला की त्याच रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुलतात, आग होते, आपण घाबरून पुन्हा क्रीम लावतो. म्हणजे सकाळी पेटणारे माझे गाल हे आजाराचं नाही, त्या क्रीमचंच देणं होतं! तोवर कातडी पातळ होत जाते, आतल्या शिरा वर दिसायला लागतात, लव वाढते, मुरूम येतात. डोळ्यांच्या जवळ लावत राहिलं तर डोळ्यांतला दाबसुद्धा वाढू शकतो. पुतणीला रोझेशिया नव्हताच. तिला जे झालं ते सगळं ट्यूबचं.

अशा चेहऱ्यांना कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी 2008 मध्ये एक नावच देऊन टाकलं, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. 2011 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. देशभरातल्या 12 त्वचारोग केंद्रांत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेले 2926 रुग्ण तपासले, त्यातले 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. आणि या 433 पैकी 257 जणांना ते सुचवणारा माणूस डॉक्टर नव्हताच. मैत्रीण, नातेवाईक, दुकानदार, असेच कुणीतरी. हा आकडा वाचला तेव्हा मला आमचं हळदीकुंकू आठवलं.

केंद्र सरकारनं मार्च 2018 मध्ये 14 स्टिरॉइडांची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. मी ट्यूब घ्यायला लागले ती त्यानंतर चार वर्षांनी. या सगळ्या काळात मला एकदाही कुणी चिठ्ठी मागितली नाही. दुकानदाराला दोष देऊन मी सुटणार नाही म्हणा, पण मागितली असती तर?

स्टिरॉइड हे विष आहे असं मात्र मी म्हणत नाही. डॉक्टर बाईंनीही हे दोनदा सांगितलं. हातापायावरच्या इसबाला, सोरायसिसला तेच औषध कामाला येतं, पण किती जोराचं, किती दिवस आणि कुठं लावायचं ते ठरवून. चेहऱ्याची कातडी हाताच्या कातडीपेक्षा हे औषध कितीतरी जास्त शोषते. वांगासाठी तीन औषधं एकत्र केलेली एक क्रीम मिळते, तिच्यातही बहुतेक वेळा मोमेटासोन नावाचं स्टिरॉइड असतं. डॉक्टर ती थोड्या आठवड्यांसाठी देतात आणि आपण ती गोरं व्हायची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावतो. तेव्हा नाव वाचायची सवय लावा. बीटामिथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन... शेवटी 'सोन', 'सोल', 'लोन' दिसलं की थांबून विचारायचं. आणि गालांवरची लाली हटत नसेल तर स्वतःच रोझेशिया ठरवून मोकळ्या होऊ नका. लुपससारख्या आजारातही गाल असेच लाल होतात, त्यासाठी रक्त तपासावं लागतं.

सोडणं सोपं नव्हतं. पुतणीची क्रीम दोन महिन्यांच्या आतलीच, म्हणून तिची एकदम बंद केली. मी तीन वर्षांची जुनी गिऱ्हाईक, तर मला आधी अगदी सौम्य मलम दिवसाआड दिलं आणि मग बंद केलं. बरोबर मेट्रोनिडॅझोलचं जेल आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. (या गोळीला भरपूर पाणी प्यायचं आणि घेतल्याबरोबर आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला भाजल्यासारखं होतं. गरोदर बाईनं तर घ्यायचीच नाही.) डॉक्टर बाईंनी आधीच सांगितलं होतं, बरं होण्याआधी वाईट होईल. झालंच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माझं मलाच आरशात बघवेना. रात्री उशीला गाल टेकवता यायचा नाही. गार पाण्यात भिजवून पिळलेलं सुती फडकं तोंडावर ठेवून बसायची. फळीवर अर्धी ट्यूब शिल्लक होती. दोनदा टोपण काढलं. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा ती पिळून संडासात टाकली, कारण कचऱ्याच्या डब्यातून मी ती परत काढली असती, एवढी मी मला ओळखते.

काउंटरवर स्कार्फ बांधून बसले. दुपारी बाहेर पडताना छत्री आणि सनस्क्रीन. आमचे हे भाकरी थापायला काही शिकले नाहीत, पण कोपऱ्यावरच्या केंद्रातून विकत आणायला शिकले. तेही काही कमी नाही! पुतणी लातूरहून रोज रात्री फोन करायची. "काकू, आज तुझं किती?" मी दहापैकी आठ म्हणायची, ती सात म्हणायची. फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली, "आज तीन," आणि फोनवरच आम्ही दोघी रडलो.

तिचा चेहरा आता चांगला आहे, कपाळावरच्या चार पुळ्यांसकट. ते पाहुणे काही परत आले नाहीत. माझी आग तीन-साडेतीन महिन्यांनी थांबली. रोझेशिया आहेच, तो जाता जात नाही, पण जेल आणि पथ्यावर आवरतो. गालांवरच्या लाल शिरा राहिल्या. त्यांना लेझर लागतं, ते मी काही केलं नाही. काउंटरवर अजून कुणीतरी बीपीचं विचारतंच.

चारजणींपैकी तिघींना मी घरी जाऊन सांगून आले. एकीनं ऐकलं, दोघी म्हणाल्या, "आम्हाला तर काही झालं नाही बाई." चौथी बदली होऊन नाशिकला गेली, तिचा नंबर लागत नाही.

जाऊबाई मात्र हुं की चूं करत नव्हत्या. गेल्या महिन्यात रात्री दिवे गेले होते, तेव्हा मोबाइलचा उजेड घेऊन त्या माझ्या दारात आल्या. हातात सासूबाईंच्या गजकर्णाची ट्यूब. "लावलं की खाज थांबते, पण चकंदळ वाढतच चाललंय," म्हणाल्या आणि ती माझ्यापुढं धरली. "बघ गं, यात ते तुझं सोन-बिन आहे का." मी चष्मा शोधायला आत गेले. त्या उंबऱ्यावर बसल्या.