पाटीच्या आधी लोकरीचा गुंडा

सकाळी सव्वाआठच्या सुमारास कुठल्याही फाट्यावर उभे राहून पाहा. तालुक्याला जाणारी व्हॅन येते आणि तीन-साडेतीन वर्षांची पोरं तिच्यात कोंबली जातात. गळ्यात टाय, पाठीवर स्वतःएवढेच दप्तर. कुठे चाललास रे बाळा, म्हणून विचारले तर आईच उत्तर देते, ‘कॉन्व्हेंटला!’ आता ही कॉन्व्हेंट कुणा सिस्टर लोकांची नसते, पाद्र्याचीही नसते. नाव एखाद्या देवाचे, नाहीतर संस्थापकांच्या वडिलांचे असते. पण कॉन्व्हेंट म्हणजे टाय, एबीसीडी आणि तिसऱ्या वर्षी गृहपाठ, हे समीकरण खेडोपाडी पक्के बसले आहे.

वाचकहो, म्हणूनच आज एका खऱ्याखुऱ्या ख्रिस्ती बालवाडीची हकिकत सांगावीशी वाटते. अडीचशे वर्षांपूर्वीची, तीही एका डोंगरी, गरीब मुलखातली. तिथे तान्ह्यांच्या मागे अक्षरांचा ससेमिरा नव्हता.

फ्रान्सच्या पूर्व टोकाला व्होज नावाचे डोंगर आहेत. त्यात बान-द-ला-रोश हा मुलूख. १७६७ साली तिथल्या वाल्डर्सबाख गावी जाँ-फ्रेडरिक ओबर्लिन हा सव्वीस वर्षांचा पाद्री राहायला आला. हाताखाली पाच गावे. जमीन हलकी, हिवाळा लांबलचक, पोटाला मुख्यतः बटाटे. बाहेरच्या जगाशी जोडणारा धड रस्ता नाही. या पाद्र्याने काय करावे? स्वतः कुदळ घेतली, गावकऱ्यांना बरोबर घेतले आणि रस्ता फोडला, नदीवर पूल बांधला. बटाट्याचे चांगले बियाणे आणले, फळझाडे लावायला शिकवले. चर्चची पूर्ण दीक्षा हवी असेल तर पोरापोरींनी आधी दोन झाडे लावायची, असा त्याचा दंडक होता. (आपल्याकडे असा दंडक कुणी काढला तर निम्मे डोंगर हिरवे होतील, पण ते असो.)

आईबाप शेतावर, थोरली भावंडे गुरांमागे आणि दोन-तीन वर्षांची पोरं उघड्यावर. हे चित्र तुम्हाला सांगायला नको. ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर आजही दिसते. त्या मुलखात सारा बँझे नावाची एक तरुण मुलगी होती. ती आपण होऊन शेजारपाजारची मुले गोळा करून त्यांना विणकाम शिकवीत असे. बापाला ते पसंत नव्हते. पोरगी फुकट वेळ घालवते, असे त्याचे मत. ओबर्लिनच्या कानावर ही गोष्ट गेली. त्याने बापाची समजूत घातली आणि सारालाच त्या कामावर नेमले. मग एकेका गावात अशी शेगडीची उबदार खोली निघाली. लोक त्याला ‘विणकामाची खोली’ म्हणू लागले. शिकवणाऱ्या बायांना ओबर्लिनने नाव दिले, ‘कोवळ्या मुलांच्या वाटाड्या’. मास्तरीण नाही, वाटाडी! या शब्दातच सगळे आले, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

त्या खोलीत चाले काय, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. जरा जाणती मुले लोकर घेऊन सुया चालवीत, धाकटी नुसती खेळत. सुई धरता धरता बोटे वळणावर येत. वाटाडी चित्रे दाखवी, त्यात जनावरे, झाडे आणि बायबलातल्या गोष्टी असत. मुले चित्रातले ओळखून त्याविषयी बोलत. गाणी असत, प्रार्थना असे. हवा बरी असली की सगळे लटांबर रानात. फुले-पाने गोळा करायची, त्यांची नावे शिकायची, परत आल्यावर ती काढायची, रंगवायची. नकाशाही होता, पण पहिला नकाशा आपल्याच गावाचा! आपले घर, आपला ओढा कळला की मग पुढचा मुलूख. हात, जीभ, डोळे, पाय आणि मन ही पाचही एकदम कामाला लागत. आजच्या भाषेत त्याला ‘सर्वांगीण विकास’ म्हणतात आणि त्यावर कार्यशाळा भरतात.

हे सगळे ओबर्लिनच्या श्रद्धेतून आले होते, हे लपवायचे कारण नाही. मूल ही देवाची निर्मिती, तेव्हा तिचा कुठलाही भाग उपाशी ठेवायचा नाही, हा त्याचा विचार. रानातले फूल ओळखणे हीदेखील त्याच्या लेखी उपासनाच. पुढे फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत बालोद्यानाचा पाया घातला, तोही एका पाद्र्याचाच मुलगा. पण ओबर्लिनच्या खोल्या त्याच्या पासष्टहून अधिक वर्षे आधीच्या.

एक गोष्ट मात्र मनाला खटकते. त्या पोरांची घरची बोली वेगळी होती, आणि या खोल्यांचे एक मुख्य काम होते ती बाजूला सारून शुद्ध फ्रेंच शिकवणे. फ्रान्समध्ये क्रांती झाली तेव्हा सरकारने १७९४ मध्ये ओबर्लिनचे याच कामासाठी कौतुकही केले. फ्रेंचमुळे पोरांना बाहेरचे दार उघडले, हे खरे. पण घरची भाषा शाळेच्या उंबऱ्याशी चपलांसारखी काढून ठेवायची, हा रिवाज तिथूनही चालत आलेला आहे.

इथे आपल्या बोर्डीची आठवण होते. ओबर्लिनशी तिचा थेट संबंध नाही. ताराबाई मोडक यांनी वाट घेतली ती माँटेसरीबाई आणि भावनगरचे गिजुभाई यांच्याकडून. पण १९४५ साली शहरातली बालशाळा खेड्यात न्यायची म्हणून त्या बोर्डीला आल्या (गाव आज पालघर जिल्ह्यात आहे), अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि प्रश्न तोच उभा राहिला. महागडी साधने परवडणार कुणाला? मग शंख-शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम गेले, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली. मुलाला शाळेत ओढायचे नाही, शाळेने मुलाकडे जायचे. ओबर्लिनच्या एक पाऊल पुढचे हे काम, असे माझे मत.

आता सरकारनेही तेच कागदावर आणले आहे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकच ठेवलेले नाही. खेळ, गाणी, गोष्टी, हातकाम आणि घरची भाषा यांवर भर आहे. आणि आपण? महिना व्हॅनचे भाडे, वर्षाची फी, वर तीन वर्षांच्या पोराच्या हाताला धरून ‘ए फॉर ॲपल’ गिरवून घेतो. गावातल्या अंगणवाडीला मात्र ‘खिचडीची शाळा’ म्हणून नाव ठेवतो.

त्या खिचडीच्या शाळेतल्या बाईंचे काय? ओबर्लिनच्या घरी लुईस शेपलर नावाची मोलकरीण होती. सारा १७७४ मध्ये अकाली गेली, पण लुईसने हे काम जन्मभर ओढले. ओबर्लिनची बायको वारल्यावर तिने घरही सांभाळले आणि पुढे तर पगारही नाकारला. १८२९ मध्ये फ्रेंच अकादमीने तिला सद्गुणाचे मानाचे पारितोषिक दिले, तेव्हा ओबर्लिनला जाऊन तीन वर्षे झाली होती. तिची थोरवी मोठीच. पण तिने पगार नाकारला म्हणून इतरांनीही नाकारावा, असा अर्थ कुणी काढू नये. आपल्या सेविकेला मिळते त्याला ‘पगार’ म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका संपावर गेल्या आणि अंगणवाड्यांना कुलपे लागली. त्याआधी २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

जूनमध्ये पोराचे नाव घालायची वेळ येईल. त्याआधी एक सकाळ अंगणवाडीत जाऊन बसा. मुले गाणी म्हणतात का, माती-पाण्यात हात घालतात का, सेविका त्यांच्याशी घरच्या बोलीत बोलते का, ते पाहा. नसेल होत तर का होत नाही, हे तिलाच विचारा. पटावर मुले किती, रजिस्टरे किती, खेळणी शेवटची कधी आली, हे ती सांगेल. मग तो कागद घेऊन ग्रामसभेला जा.