परसातील मत्स्यतळे: अस्तराची गळती कशी ओळखावी व दुरुस्त करावी

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 मध्ये सुरू झाली. लाभार्थी-आधारित घटकांसाठी मान्य खर्चाच्या 40 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या लाभार्थ्यांना 60 टक्के अर्थसाहाय्य मिळते. तळे एकदा उभे राहिले की त्याची देखभाल आपल्यालाच करायची असते. प्लास्टिकचे अस्तर (शेततळ्याचा कागद) फाटले आणि वेळीच लक्षात आले नाही, तर पाण्याबरोबर मासेही हातचे जातात.

पाणी खरेच गळते आहे का?

उन्हाळ्यात तळ्याचे पाणी वाफ होऊनही कमी होते. म्हणून आधी ही चाचणी करा:

1. बादलीत तळ्याचे पाणी भरा आणि ती तळ्याच्या उथळ कडेला, काठ पाण्याच्या वर राहील अशी ठेवा. तळाशी गुळगुळीत दगड टाकून ती स्थिर करा.
2. बादलीतील आणि तळ्यातील पाण्याच्या पातळीवर खूण करा.
3. 24 तास पाणी भरू नका, काढू नका. पाऊस आल्यास चाचणी पुन्हा करा.
4. दोन्हींत सारखीच घट झाली असेल, तर ते बाष्पीभवन आहे. तळ्यातील घट जास्त असेल, तर गळती आहे.

भोक कसे शोधावे?

पाणी ज्या पातळीवर येऊन थांबते, तिथेच बहुधा भोक असते. त्या रेषेवरून कडेने फिरून तपासा. जोड, घड्या, पाइपच्या जागा आणि उन्हात उघडा राहणारा वरचा काठ आधी पाहा. बांधाबाहेर ओल दिसते का, उंदीर-खेकड्यांची बिळे आहेत का, तेही पाहा. पाणी फार उतरत असेल, तर थांबू नका. मासे दुसऱ्या टाकीत किंवा तळ्यात हलवा.

दुरुस्ती

- भोकाच्या सर्व बाजूंनी किमान 15 सेंटिमीटर जागा स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडी करा.
- खालचा दगड किंवा मूळ काढा. खड्डा चाळलेल्या मातीने भरून दाबा.
- त्याच प्रकारच्या कागदाचे ठिगळ घ्या आणि कोपरे गोल कापा.
- एचडीपीई कागदाला साधा गोंद टिकत नाही. गरम हवेच्या यंत्राने वेल्डिंग करणाऱ्या कारागिराकडूनच जोड करून घ्या.

पावसाळ्यात तळे पूर्ण रिकामे करू नका. खालून भूजल चढल्यास कागद फुगून वर येतो.

रोजची काळजी

- पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. खाद्य बंद करा, ताजे पाणी सोडा, एअरेटर चालवा.
- उरलेले खाद्य तळाशी साचू देऊ नका.
- गुरे बांधावर येऊ देऊ नका. जाळे ओढताना लोखंडी वजने टाळा.

सर्वांत महत्त्वाचे

अस्तर ओले झाले की निसरडे होते. पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. तळ्याभोवती कुंपण घाला. गाठी मारलेला दोर काठाला घट्ट बांधून पाण्यात सोडून ठेवा. मुलांना एकटे जाऊ देऊ नका.

अस्तर खरेदीचे बिल, हमीपत्र आणि दुरुस्तीपूर्वीचे फोटो जपून ठेवा. कागद हमीच्या मुदतीत असल्यास आधी पुरवठादाराला लेखी कळवा. सल्ल्यासाठी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा, किंवा किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 या नि:शुल्क क्रमांकावर आपल्या भाषेत विचारा.