चिखलात साठलेला वारा

अरबी समुद्राच्या खोल तळावर हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो. जहाजावरून सोडलेली पोकळ नळी त्यात पाच मीटर रुतवून वर काढली, तर लाखभर वर्षांचा काळ थरावर थर बसलेला असा हाती येतो. समुद्रविज्ञान शिकायला आलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांची समुद्राशी खरी ओळख अशा चिखलातूनच होते.

गोव्यात ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे आणि जवळच दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. हिंदी महासागराची पाहणी करणारी मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम साठच्या दशकात पार पडली, तिच्या पाठोपाठ १९६६ साली ही संस्था उभी राहिली. इथे भौतिकशास्त्रवाला प्रवाह मोजतो, रसायनवाला पाण्यातला प्राणवायू, जीवशास्त्रवाला प्लवक पाहतो आणि भूशास्त्रवाल्याच्या वाट्याला गाळ येतो.

या गाळाचं काय करतात? सेंटिमीटर-सेंटिमीटरच्या चकत्या कापतात आणि एकेक चकती पाण्याखाली चाळणीवर धुतात. चाळणीची भोकं मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढी. माती वाहून जाते आणि वर रव्यासारखी पांढुरकी पूड उरते. ती वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की तिच्यातला प्रत्येक कण म्हणजे घडवलेला शंख निघतो! काही गोल, काही चपटे, काही गुंडाळी घेत गेलेले. हे फोरॅमिनिफेरा. एका पेशीचा जीव, पण स्वतःभोवती चुन्याचं घर बांधणारा. अगदी बारीक ब्रशचं टोक ओलं करायचं, एकेक कवच उचलायचं आणि काळ्या पट्टीवरच्या चौकटीत ठेवायचं. एका चकतीतून अशी साधारण तीनशे कवचं जातवार मोजायची आणि मग पुढची चकती. मान मोडून येते, डोळे चुरचुरतात. पण या कामाला कंटाळवाणं म्हणायला मी तयार नाही.

कारण त्यात ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ नावाची एक जात सापडते. चार फुगीर कप्पे आणि मधोमध मोठं कमानदार तोंड. एकदा नजर बसली की लगेच ओळखू येते. ही मुळात थंड पाण्यातली. मग उष्ण कटिबंधातल्या अरबी समुद्रात ती कशी? उत्तर आहे नैर्ऋत्य मोसमी वारा. जूनपासून तो सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला धरून जोरात वाहतो आणि पृष्ठभागावरचं पाणी खोल समुद्राकडे लोटतो. रिकाम्या जागी खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं आणि बुलॉइडिसची भरभराट होते. मेल्यावर तिची कवचं तळाशी जातात. वारा जितका जोरकस, तितकं थरातलं तिचं प्रमाण जास्त. कवचातल्या किरणोत्सारी कार्बनवरून थराचं वय काढता येतं, साधारण पन्नास हजार वर्षं मागेपर्यंत.

म्हणजे हजारो वर्षांपूर्वी सुटलेल्या वाऱ्याचा जोर आज मोजता येतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, उन्हाळी मोसमी वारा दुबळा होता. दहा ते सहा हजार वर्षांपूर्वी तो आजच्याहून जोमदार होता. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीत असते, त्या काळाच्या सुरुवातीला ती उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात तितकी जवळ यायची. आशियाची जमीन जास्त तापायची आणि वारा जोरात खेचला जायचा. चिखल मोजायला बसलेल्या विद्यार्थ्याला असं थेट ग्रहगतीपर्यंत जावं लागतं.

त्याच कवचात समुद्राची पातळीही नोंदलेली असते. प्राणवायूच्या हलक्या अणूंचं पाणी अधिक सहज वाफ होऊन उडतं. हिमयुगात ते बर्फ होऊन जमिनीवर अडकलं, समुद्रात जड अणूंचं प्रमाण वाढलं आणि कवचंही त्याच पाण्यातून घडली. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईपुढचा उथळ समुद्रतळ जवळजवळ तीनशे किलोमीटर रुंद आहे. तो बहुतेक सगळा त्या वेळी कोरडी जमीन होता! त्याच्या बाहेरच्या कडेला अगदी उथळ पाण्यातच तयार होणारी चुनखडीची वाळू सापडते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. बुलॉइडिस वाऱ्याबद्दल सांगते, पावसाबद्दल नाही. दोन्ही बरोबरच वाढले असतील असं गृहीत धरता येत नाही. पावसासाठी आपल्या बाजूचा गाळ पाहावा लागतो. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या पावसाळ्यात समुद्राला गोडं पाणी देतात, किनाऱ्यालगतचा खारेपणा कमी होतो आणि प्राणवायूच्या जड अणूंचं प्रमाणही घटतं. कारवारच्या काळी नदीपुढे किंवा गोव्यात मांडवी-जुवारीपुढे वाढलेल्या कवचांत हा फरक उतरतो. ओमानपुढची नळी आणि कारवारपुढची नळी शेजारी ठेवून कोणत्या शतकात वारा आणि पाऊस एकत्र वाढले आणि कधी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, हे ताडून पाहण्याचं काम अजून बरंच बाकी आहे.