अळंबीच्या पिशवीत हिरवी बुरशी शिरते कुठून?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या रानात वारुळांवर अळंबी उगवते. ती आपोआप उगवते असे आपण म्हणतो, पण तिची शेती वाळवी करत असते. वाळवी लाकूड आणि पालापाचोळा चावून वारुळाच्या पोटात नेते, त्याचे स्पंजासारखे ढेपे रचते आणि त्यांवर ही बुरशी वाढवते. वाळवी नांदती आहे तोवर त्या ढेप्यांवर दुसरी बुरशी सहसा माजत नाही. वाळवी निघून गेली की थोड्याच दिवसांत परकी बुरशी सगळे व्यापून टाकते. अळंबीच्या शेतीत पेरणी सोपी, राखण अवघड, हे वाळवीला आपल्या फार आधीपासून ठाऊक आहे. आज बोलायचे आहे ते या राखणीच्या साधनांविषयी.

डोळखांबच्या बाजूला भात हे मुख्य पीक, त्यामुळे पेंढा घरचाच. पावसाळ्यात हवेत ओलावा भरपूर. धिंगरी अळंबीला लागणारे 20 ते 30 अंश सेल्सिअस तापमानही वर्षातले बरेच महिने मिळते. कागदावर सगळे जुळते. मग एखाद्या घरी किंवा बचत गटात बियाणे आणले जाते, वीस-पंचवीस पिशव्या भरल्या जातात, आणि आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या जाळीऐवजी हिरवे डाग दिसू लागतात. बियाण्याचे आणि पिशव्यांचे पैसे गेले, सरपण गेले, घरातल्या बायकांचे दोन दिवस गेले. पुष्कळांची अळंबी इथेच थांबते. काही जण मात्र जिद्दीने चौकशी करतात आणि त्यांना कोणीतरी सांगतो की तुमच्याकडे मशीन नाही म्हणून असे झाले. माझे मत थोडे वेगळे आहे. घरगुती लागवडीत बहुधा कमी पडतो तो शंभर अंशांपर्यंत मोजणारा एक साधा थर्मामीटर.

आधी हा चोर कोण ते पाहू. हिरवा डाग बहुतेक वेळा ट्रायकोडर्मा या बुरशीचा असतो. गंमत अशी की हीच बुरशी एरवी शेतकऱ्याची मित्र आहे. हरभऱ्याला, भाजीपाल्याला मर रोग लागू नये म्हणून बीजप्रक्रियेला जी ट्रायकोडर्माची पावडर मिळते, ती हीच. दुसऱ्या बुरशीला खाणे हाच तिचा गुण, आणि अळंबी ही शेवटी बुरशीच. तेव्हा ज्या खोलीत ती पावडर ठेवली किंवा चाळली असेल, तिथे अळंबीचे काम करू नये. काळा डाग अ‍ॅस्परजिलसचा असू शकतो. नारिंगी, पिठासारखा थर आला तर तो न्यूरोस्पोराचा. जाळलेल्या उसाच्या बुंध्यावरही ही बुरशी दिसते. आंबट, कुजका वास आला तर जिवाणू शिरले असे समजावे.

या बुरशांचे बीजाणू तीन-चार मायक्रॉनचे, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याएवढे. ते पेंढ्यावर असतात, हवेत असतात, हातांवर आणि कपड्यांवर असतात. डोळ्यांनी दिसत नाहीत. मग त्यांना अडवायचे कसे? याचे उत्तर शोधताना मला नेहमी जॉन टिंडल या पदार्थवैज्ञानिकाची आठवण होते.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1875-76 च्या सुमारास टिंडलने एक लाकडी पेटी केली. तिला पुढून काच होती, दोन्ही बाजूंना छोट्या खिडक्या होत्या आणि आतून ग्लिसरीन चोपडलेले होते. पेटी काही दिवस न हलवता ठेवायची आणि मग खिडकीतून प्रखर प्रकाशाचा झोत सोडायचा. आपल्या घरात कौलांच्या फटीतून कवडसा पडला की त्यात धूळ नाचताना दिसते, तशीच ती झोतात सुरुवातीला दिसे. काही दिवसांनी पेटीतला झोत दिसेनासाच होई, कारण धूळ खाली बसून ग्लिसरिनला चिकटलेली असे. अशा पेटीत उकळलेला मांसाचा किंवा भाजीचा रस उघडा ठेवला तरी तो महिनोन्महिने नासत नसे. पेटीत गाळणी नव्हती, पंखा नव्हता, औषध नव्हते. फक्त हवा निवांत होती.

पण 1876 च्या शरद ऋतूत त्याचे प्रयोग बिघडू लागले. उकळलेले रसही नासू लागले. दोष सापडला तो प्रयोगशाळेत आणलेल्या वाळलेल्या जुन्या गवतात. त्यातल्या जिवाणूंचे टणक बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नव्हते, आणि ते सगळ्या इमारतीत पसरले होते. टिंडलला काही काम तिथून हलवून क्यू येथील उद्यानाच्या प्रयोगशाळेत करावे लागले. पुढच्या वर्षी त्याने तोड काढली. एकदाच खूप वेळ उकळण्याऐवजी थोडे उकळायचे, थांबायचे, पुन्हा उकळायचे. मधल्या काळात टणक बीजाणू अंकुरतात, कोवळे होतात आणि पुढच्या उकळीला मरतात.

त्या गवताच्या जागी आपला पेंढा ठेवून पाहा. घरातल्या अळंबीची जवळजवळ सगळी साधने याच दोन गोष्टींवर उभी आहेत: पुरेशी उष्णता पुरेसा वेळ, आणि निवांत हवा.

पेंढ्यासाठी लागतो एक पत्र्याचा ड्रम, गोणपाट किंवा तारेची टोपली, झाकण, आणि थर्मामीटर. पेंढ्याचे दोन-तीन इंचांचे तुकडे रात्रभर भिजवून, निथळून, सुमारे 80 अंश गरम पाण्यात तासभर ठेवायचे असतात. चूक होते ती इथे. पाणी खळखळ उकळले, त्यात थंड पेंढ्याची गोणी टाकली, तासाने काढली. पण गोणी टाकताच पाणी पन्नास-साठ अंशांवर उतरलेले असते आणि गोणीच्या पोटात तर त्याहून थंड. म्हणून तास मोजायचा तो गोणीच्या मधोमध 80 अंश आल्यावर. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो 42 अंशांपाशी संपतो. लांब दांडीचा, तबकडीचा थर्मामीटर घ्यावा. पाऱ्याचा फुटला तर चुलीजवळ नसती आफत.

शहापूर तालुक्यात भातसा, तानसासारखी धरणे आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर मार्च-एप्रिलनंतर टँकरची वाट पाहावी लागते. अशा घरी गरम पाण्याची पद्धत जड जाते. तिथे वाफ बरी. ड्रमच्या तळाला चार विटा आणि वर जाळी ठेवून खाली वीतभर पाणी घालायचे, जाळीवर भिजवून निथळलेला पेंढा ठेवायचा आणि झाकण लावायचे. झाकण हवाबंद मात्र करू नये. वाफेला वाट हवी, नाहीतर ड्रमचा बॉम्ब होतो.

कोणी विचारेल, पेंढा पूर्ण निर्जंतुकच का करू नये? कारण पूर्ण निर्जंतुक पेंढा म्हणजे कुंपण नसलेले मोकळे शेत. जो आधी शिरेल त्याचे. 80 अंशांत नको त्या बुरशा मरतात, पण उष्णता सोसणारे काही निरुपद्रवी जिवाणू टिकतात आणि तेच जागा अडवून धरतात. म्हणून पेंढ्याची पिशवी आपण उघड्या खोलीतही भरू शकतो.

थंड पाण्यात औषध घालून पेंढा भिजवण्याची पद्धतही सर्रास सांगितली जाते. शंभर लिटर पाण्यात 125 मिलिलिटर फॉर्मेलिन आणि साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम, त्यात पेंढा सोळा ते अठरा तास बुडवायचा. सरपण वाचते, हे खरे. पण फॉर्मेलिनमधला फॉर्माल्डिहाइड वायू माणसाला कर्करोग करणारा आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच ठरवले. जिथे पडवीत पोरे खेळतात आणि सांडपाणी ओढ्याला जाते, तिथे ही बाटली मी ठेवणार नाही.

पेंढा गरम करून झाला की खरी परीक्षा सुरू होते. तो निथळेपर्यंत आणि कोमट होईपर्यंत दोन-तीन तास जातात, आणि तेवढ्यात सगळी मेहनत पाण्यात जाऊ शकते. अंगणात, उडवीच्या बाजूला, खळ्यावर झोडणी चालू असताना तो पसरू नये. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तर नाहीच. सारवण कितीही पवित्र असो, शेणात बुरशा असतात, आणि पिशवीत काळ्या शाईसारखी विरघळणारी छत्री येते ती शेणाच्या ओढीचीच. स्वच्छ धुतलेला प्लॅस्टिकचा कागद दोरीवर उताराने बांधावा, त्यावर पेंढा पसरावा आणि वरून धुतलेले पातळ कापड टाकावे. पंखा बंद. मूठभर पेंढा घट्ट पिळल्यावर हात ओला व्हावा, पण थेंब पडू नये. जास्त पाणी राहिले तर जिवाणूंचे फावते.

बियाणे विकत आणत असाल तर उष्णतेचा भाग इथे संपला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीवर अनेक वर्षे काम चालले आहे, आणि अशा भरवशाच्या ठिकाणचे बियाणे घ्यावे. पिशवीतला प्रत्येक दाणा पांढऱ्या जाळीने गुरफटलेला हवा. हिरवा-काळा ठिपका किंवा आंबट वास असेल तर पैसे दिले असले तरी ती पिशवी वापरू नये. आसनगावला उतरून शहापूरमार्गे डोळखांबपर्यंत एसटीने यायचे तर बियाणे टपावर टाकू नका. उन्हात ते मरते.

बियाणे घरी बनवायचे असेल तर मात्र नियम बदलतात. गव्हाचा किंवा ज्वारीचा शिजवलेला दाणा म्हणजे सगळ्या जिवाणूंची मेजवानी. तिथे टिंडलच्या गवतातले टणक बीजाणू मारावेच लागतात आणि त्यासाठी 121 अंश लागतात. साध्या उकळीत ते कधीच मिळत नाहीत, कारण उघडे पाणी शंभर अंशांवर अडते. दर चौरस इंचाला पंधरा पौंड दाबाखाली ते 121 पर्यंत चढते. आपला स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर साधारण तेवढाच दाब देतो. शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही. आधी झाकणातून वाफ जोरात सुटू द्यावी, आतली हवा निघून जाऊ द्यावी, मग वजन ठेवावे, आणि दाब आल्यावर मंद आचेवर दीड ते दोन तास घड्याळ लावून मोजावे. एवढा वेळ पुरेल इतके पाणी कुकरात मावले पाहिजे. लहान कुकर कोरडा पडतो, तेव्हा मोठाच घ्यावा. रबर आणि सेफ्टी वॉल्व्ह जुने असतील तर आधी बदलावेत. दाण्याच्या पिशव्या पॉलिप्रोपिलीनच्या हव्यात; दुकानात ‘पीपी’ म्हणून मागाव्यात. साधी पॉलिथीनची पिशवी इतक्या उष्णतेत लोळागोळा होते.

दाणे थंड झाल्यावर त्यात मूळ बुरशी घालायची ती निवांत हवेत. इथे टिंडलची पेटी पुन्हा कामाला येते. पन्नास-साठ लिटरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा टब उपडा घालायचा आणि एका बाजूला हात जातील अशी दोन गोल भोके पाडायची. आतून साबणाच्या पाण्याने पुसायचे, बाटल्या आत ठेवायच्या आणि वीस मिनिटे काहीही करायचे नाही. तीन-चार मायक्रॉनचा बीजाणू निवांत हवेत सेकंदाला जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर खाली येतो. टबाची फूटभर उंची उतरायला त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. त्यानंतर कोपरापर्यंत धुतलेले हात हळू आत घालायचे, बोलायचे नाही, आणि बाटलीचे तोंड लागेल तेवढाच वेळ उघडायचे.

हात पुसायला स्पिरिट सत्तर टक्क्यांचे चांगले. अधिक तीव्र स्पिरिट लवकर उडून जाते आणि पाण्यावाचून त्याचा परिणामही कमी होतो. एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. पेटीत स्पिरिट फवारून आत दिवा पेटवू नका. बंद जागेत साठलेली स्पिरिटची वाफ भडका घेते, आणि तेव्हा हात आत असतात, तोंड समोर असते. सुई लाल करायची असेल तर दिवा पेटीबाहेर, स्पिरिटची बाटली बूच लावून दूर, आणि हात पूर्ण वाळलेले.

लॅमिनार फ्लो नावाचे ते मशीन म्हणजे गाळलेल्या हवेचा संथ, सरळ झोत देणारे टेबल. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफिल्ड यांनी 1960 च्या सुमारास ही कल्पना मांडली. त्यातली गाळणी 0.3 मायक्रॉनच्या दहा हजार कणांतले जास्तीत जास्त तीनच पुढे जाऊ देते. साधन उत्तम आहे, पण त्याला कित्येक दहा हजार रुपये लागतात, आणि मध्येच वीज गेली की ते नुसते टेबल उरते. रोज शेकडो बाटल्या बियाणे करून विकणाऱ्याने ते जरूर घ्यावे. वीस पिशव्यांच्या घराने घेतले तर ते पेंढ्याच्या तासाचे काम करणार नाही, आणि पिशव्या पूर्वीसारख्याच हिरव्या पडतील.

खोलीला लागते ती जाळी. बारीक माश्या ओल्या पेंढ्याच्या वासाने येतात, अंडी घालतात आणि पायांना चिकटलेले हिरवे बीजाणू एका पिशवीतून दुसरीत नेतात. मच्छरदाणीची जाळी त्यांना पुरत नाही. इंचाला 35 ते 40 घरे असलेली नायलॉनची जाळी दारा-खिडक्यांना लावावी. कुडाच्या भिंतीत फटी राहतात, तिथे आतून प्लॅस्टिक लावावे.

मास्क लागतो तो दोन वेळा. एकदा पिशव्या भरताना, अळंबीसाठी. दुसऱ्यांदा तोडणीच्या वेळी, आपल्यासाठी. धिंगरीची छत्री पिकली की ती स्वतःच ढगभर बीजाणू सोडते, आणि रोज ते छातीत गेले तर खोकला, ताप, दम लागतो. छत्रीची कड वर वळायच्या आतच तोडणी केली तर हा त्रास बराच टळतो.

आणि एखादी पिशवी हिरवी पडलीच, तर ती खोलीत उघडून बघत बसू नका. तशीच दुसऱ्या पिशवीत घालून तोंड बांधा, घरापासून दूर नेऊन खड्ड्यात पुरा, आणि मग आंघोळ करून, कपडे बदलूनच चांगल्या पिशव्यांकडे जा. घरात कोणाला दमा असेल किंवा पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल, तर हे काम त्यांना देऊ नका. काळ्या बुरशीचे बीजाणू अशा फुप्फुसांत घर करू शकतात. पिशवीवर भरल्याची तारीख आणि पेंढ्याच्या खेपेचा आकडा लिहिलेला असेल, तर एकाच खेपेच्या सगळ्या पिशव्या बिघडल्या की दोष ड्रमात, आणि इकडची एक, तिकडची एक बिघडली तर दोष हातात किंवा माश्यांत, हे खडूच्या दोन रेघांवरून कळते.