अळिंबी नव्हे, प्राणी

“सर, ही अळिंबी दगड कशी झाली?”

आमच्या प्राणिशास्त्र विभागातल्या काचेच्या कपाटात बशीएवढी, पांढरी, गोल वस्तू आहे. शेजारी चिठ्ठी: फंजिया. विज्ञान दिनाला शाळांची मुलं येतात, प्रवेशाच्या वेळी पालक येतात, आणि नांदेडला आल्यापासून असं एकही वर्ष गेलं नाही की हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मुलांनी विचारलं तर आनंदच आहे. पण विज्ञान शिकवणारी माणसं जेव्हा मुलांना घेऊन कपाटापुढे उभी राहतात आणि “बघा, समुद्रातलं मशरूम, लाखो वर्षांत दगड झालं” असं ठासून सांगतात, तेव्हा मला राग येतो. कपाट उघडून दाखवायला मी पाच पावलांवर बसलेलो असतो.

घोळ नावापासून सुरू होतो. फंगस म्हणजे लॅटिनमध्ये अळिंबी. लिनियसने 1758 साली या जातीच्या नावात ‘फंजायटीस’ हा शब्द घातला, तो दिसण्यावरून. पुढे 1801 मध्ये लामार्कने फंजिया ही प्रजात केली. दोघांनीही तिला प्राण्यांतच धरलं होतं. आपण घोरपडीला पाल म्हणत नाही आणि समुद्रघोड्याला खोगीर घालत नाही. मग इथेच नावावरून जात का ठरवायची?

आता कपाटातली वस्तू हातात घ्या. जपून, कारण बोटाला टोचते. वरच्या फुगीर बाजूला मध्यभागी एक लांबट चीर दिसते. तिच्यापासून कडेपर्यंत शेकडो पातळ, उभी पाती चाकाच्या आऱ्यांसारखी गेलेली आहेत. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवलेली कुत्र्याची छत्री आठवा. तिची पाती कुठे असतात? छत्रीच्या खाली. इथे ती वर आहेत. एवढी एक गोष्ट नीट पाहिली असती तरी दगड झालेल्या अळिंबीची कथा तिथेच संपली असती. अळिंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तोडून ठेवली तर दोन दिवसांत काळी पडून विरघळते. तिचे जीवाश्म जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

ती चीर म्हणजे तोंडाची जागा. जिवंतपणी या सगळ्या पात्यांवर मांसल आवरण असतं, त्यातून स्पर्शक बाहेर येतात आणि त्यांवर दंशपेशी असतात. जलव्याल आणि समुद्रफूल ज्या संघात शिकवतात त्याच निडारिया संघातला, अँथोझोआ वर्गातला, स्क्लेरॅक्टिनिया गणातला, फंजिडी कुळातला हा प्राणी. जुन्या प्रात्यक्षिक वह्यांत संघाचं नाव सीलेंटेराटा लिहिलेलं असतं; ते आता मागे पडलं. समुद्रफुलाने बुडाखाली चुनखडीचा सांगाडा बांधला तर काय होईल, तसा हा जीव. पात्यांची मांडणी सहाच्या पटीत वाढत जाते: आधी सहा, मग त्यांच्या मध्ये आणखी सहा, मग बारा. अळिंबीला असा हिशेब नसतो.

प्रवाळ म्हटलं की असंख्य जीवांची वसाहत, हे बहुतेक प्रवाळांना लागू आहे. इथे ही अख्खी बशी एकाच जीवाची आहे. फंजिया फंजायटीस तीस सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी वाढू शकते. तरी जीव एक आणि तोंड साधारणपणे एकच.

देठाचं काय, असं पुढे विचारतात, आणि हा प्रश्न खरंच चांगला आहे. लहानपणी फंजियाला देठ असतो. अळी खडकावर बसते, देठ वाढतो, त्याच्या टोकाला थाळी रुंदावते आणि एक दिवस देठापासून सुटून तळावर मोकळी पडते. लहान थाळीच्या पोटाशी त्या सांध्याचा गोल वण दिसतो. मोठेपणी तो बुजतो. मागे राहिलेल्या देठावर पुन्हा नवी थाळी धरते. लातूरकडच्या मुलांना मी उसाच्या खोडव्याची उपमा देतो आणि लगेच सांगतो की ही फक्त उपमा आहे, वनस्पती म्हणू नका. प्रवाळ हे प्राणी आहेत हे पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1720 च्या दशकातच मांडलं होतं. तीनशे वर्षं झाली. आता तरी आपण ते मान्य करायला हवं.

जात ओळखायला थाळी उलटी करावी लागते. खालच्या बाजूला कडेकडे जाणारे बारीक कंगोरे असतात आणि त्यांवर काटे. फंजायटीसचे काटे गुळगुळीत, टोकदार. वरच्या पात्यांचे दाते त्रिकोणी. पूर्वी फंजियात बऱ्याच जाती घालत. 2011 साली गिटेनबर्गर, रायनेन आणि हुक्सेमा यांनी जनुकांवरून कुळाची नवी मांडणी केली आणि फंजियात फंजायटीस ही एकच जात उरली. बाकीच्या लिथोफायलॉन, डानाफंजिया, सायक्लोसेरिस अशा प्रजातींत गेल्या. म्हणून जुन्या चिठ्ठ्यांवरचं नाव वाचताना सावध राहावं.

“आमच्या शेतात पण असंच निघतं, सर,” म्हणत कुणीतरी रुमालात बांधलेला दगड आणतोच. आत पांढऱ्या सुया, मध्यापासून पसरलेल्या. सुंदर असतो, पण तो झिओलाइट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या पोकळीत तयार झालेला. आपला काळा पत्थर समुद्रात घडलेला नाही. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की प्रवाळ फसफसतं, या सुया फसफसत नाहीत. मात्र कॅल्साइटही फसफसतो, म्हणून एकट्या थेंबावर निकाल देऊ नये. तोंडाची चीर आणि दातेरी पाती शोधावीत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. अंगठीतलं पोवळं हे नव्हे. ते भूमध्य समुद्रातलं कोरॅलियम, आठ स्पर्शकांच्या गटातलं. जिवंत फंजिया पांढरी नसते. ऊतींत राहणाऱ्या शैवालामुळे ती बहुधा तपकिरी किंवा हिरवट दिसते. मत्स्यालयाच्या दुकानात ‘मशरूम कोरल’ म्हणून मिळणारा मऊ जीव बहुतेक वेळा वेगळ्याच गणातला, सांगाडा नसलेला असतो. “प्रवाळ हलत नाही” हेही खोटं: मोकळी थाळी अंग फुगवून वाळू झटकते, उलटली तर सुलटी होऊ शकते, आणि याच कुळातलं सायक्लोसेरिस निळ्या प्रकाशाकडे सरकतं हे ब्रेट लुईस आणि सहकाऱ्यांनी 2025 मध्ये चित्रित करून दाखवलं. लिंगही कायमचं ठरलेलं नसतं. या कुळातल्या दोन जातींत नराची मादी होते आणि त्यांतल्या एकीत मादीचा पुन्हा नरही होतो, हे लोया आणि साकाई यांनी ओकिनावाजवळ पाहून 2008 साली लिहिलं.

लक्षद्वीप किंवा अंदमानला सहलीला गेलेले कधी कधी विचारतात, किनाऱ्यावर पडलेली एखादी आणू का. आणू नका. मेलेली असली तरी नाही. 2001 मध्ये सगळी स्क्लेरॅक्टिनिया प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली. शिवाय पाण्यात असलेल्या मेलेल्या थाळीवरच पुष्कळदा नवे देठ धरतात.

या जूनमध्ये मी कपाटातली चिठ्ठी बदलली. नावाखाली मोठ्या अक्षरात लिहिलं: प्राणी, एक जीव, तोंड वर. आणि पोटाकडचे काटे दिसावेत म्हणून थाळीखाली आरसा ठेवला.