सद्गुणांचा सराव: पेण-रोह्याचा वारसा आणि महाविद्यालयातील नीतिशिक्षण

नीतिशास्त्राच्या तासाला सत्य, न्याय, कर्तव्य यांच्या व्याख्या शिकवता येतात आणि त्यांवर परीक्षाही घेता येते. पण व्याख्या पाठ असलेला विद्यार्थी खरे बोलेलच, असे नाही. सद्गुण सवयीने अंगी बाणतात, असे ॲरिस्टॉटलने सांगितले: न्यायाने वागत गेल्यानेच माणूस न्यायी होतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मन आवरण्याचे उपाय म्हणून अभ्यास आणि वैराग्य सांगितले आहेत. तेथेही अभ्यास म्हणजे वाचन नव्हे, चिकाटीने केलेला सराव. या विचाराला विसाव्या शतकात रोजच्या जगण्याचे रूप देणारी दोन माणसे रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा तालुक्यांत जन्मली.

विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. तुळशीला पाणी घातल्याशिवाय जेवायचे नाही आणि झाडाचा फणस आधी शेजाऱ्यांकडे पोचवायचा, हे वळण त्यांना आईने, रुक्मिणीबाईंनी, लावले. हे संस्कार उपदेशातून नव्हे, कृतीतून झाले. १९१६ मध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. तेथील अहिंसा, सत्य, अस्तेय, शरीरश्रम, अस्वाद आदी अकरा व्रते त्यांनी मराठी पद्यात गुंफली आणि ती रोजच्या प्रार्थनेत म्हटली जाऊ लागली. सूतकताई, सफाई आणि शेतकाम यांनाही त्यांनी प्रार्थनेइतकेच महत्त्व दिले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांत कर्माला मनाची जोड देण्यावर विशेष भर आहे.

पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोहा येथे झाला. १९५६ मध्ये त्यांनी ठाण्यात तत्त्वज्ञान विद्यापीठ सुरू केले. तेथे भारतीय आणि पाश्चात्त्य विचारांचे अध्ययन होते. त्यांच्या स्वाध्याय परिवारात त्रिकाळ संध्येची सवय लावली जाते: सकाळी उठताना, जेवताना आणि रात्री झोपताना ईश्वराचे कृतज्ञ स्मरण करायचे. भक्तिफेरीत स्वाध्यायी स्वखर्चाने गावोगावी जाऊन लोकांशी स्नेह जोडतात. ‘योगेश्वर कृषी’त गावकरी सामाईक शेतात पाळीपाळीने श्रम करतात. त्या पिकावर कोणा एकाची मालकी नसते. चिंतनातली कृतज्ञता अशी श्रमात उतरते. सामुदायिक नेतृत्वासाठीचा मॅगसेसे पुरस्कार विनोबांना १९५८ मध्ये आणि आठवले यांना १९९६ मध्ये मिळाला.

दोघांचे मार्ग वेगळे, पण रीत मिळतीजुळती आहे. कृती लहान आणि रोज जमेल अशी, तिची वेळ ठरलेली, सोबतीला माणसे आणि दिवसातून काही वेळ मनाकडे पाहणे. कृतीवाचून चिंतन पोकळ राहते आणि चिंतनावाचून कृती यांत्रिक होते. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिननेही तेरा सद्गुणांची यादी करून दर आठवड्याला एकाकडे विशेष लक्ष दिले. रोजच्या चुकांची खूण तो वहीत करत असे.

महाविद्यालयाला ही रीत सहज स्वीकारता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात मूल्यशिक्षणाला स्वतंत्र जागा आहे. सत्राच्या आरंभी विद्यार्थ्याने एक सद्गुण निवडावा आणि त्याला नेमके रूप द्यावे. ‘मी प्रामाणिक राहीन’ हा संकल्प धूसर आहे. ‘दुसऱ्याची वही उतरवणार नाही’ हा तपासता येतो. तासाची पहिली पाच मिनिटे मौनासाठी ठेवावीत. रात्री नोंदवहीत तीन गोष्टी लिहाव्यात: आज काय केले, कुठे चुकले, उद्या काय बदलायचे. आठवड्यातून एकदा लहान गटात त्यावर बोलावे. १९६९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या श्रमदानाला अशा नोंदींची जोड दिली, तर शिबिरातले काम तासिकांपुरते न राहता स्वभाव घडवू लागते.

येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. सद्गुणाला गुण देऊ नयेत. तसे केले की विद्यार्थी चांगुलपणाचा देखावा करू लागतात. मूल्यमापन नोंदींच्या नियमितपणाचे आणि विचारांच्या खोलीचे व्हावे; खासगी मजकूर खासगीच राहावा. दुसरे पथ्य मोकळिकीचे. वर्गात अनेक धर्मांचे आणि धर्म न मानणारे विद्यार्थी असतात. कोणी प्रार्थना करावी, कोणी श्वासाकडे लक्ष द्यावे, कोणी नुसते शांत बसावे. विनोबांनी पद्यात गुंफलेल्या अकरा व्रतांत सर्वधर्मी समानत्व आहेच. शिक्षकानेही स्वतःचा एक सद्गुण निवडून विद्यार्थ्यांबरोबर नोंदवही ठेवावी, कारण आचरणाची शिकवण आचरणाऱ्याकडूनच पोचते. एका सत्रात स्वभाव बदलत नाही. पण स्वतःला रोज तपासण्याची सवय लागली, तर पदवीनंतरही नीतीचा अभ्यास चालू राहतो.