हौशी गेममध्ये ग्राफिक्सचे महत्त्व किती?

मिनी-प्रोजेक्ट म्हणून गेम करायला घेतला की तुमच्यापैकी बरेच जण आधी ग्राफिक्सच्या मागे लागतात. त्याआधी ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हे उदाहरण पाहा. टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांनी तो २००६ मध्ये मोफत खुला केला. त्यात चित्रे नव्हतीच, पडद्यावर नुसती अक्षरे व चिन्हे: स्मॉल ‘डी’ म्हणजे कुत्रा आणि कॅपिटल ‘डी’ म्हणजे ड्रॅगन! (गफलत झाली तर काय होईल, कल्पना करा.) तरीही खेळणाऱ्यांच्या देणग्यांवर तो वर्षानुवर्षे चालला, कारण आतले जग विलक्षण तपशीलवार होते. मात्र नवखा माणूस पहिल्या पडद्यावरूनच परत फिरे.

डिसेंबर २०२२ मध्ये चित्रे असलेली, विकत घ्यायची आवृत्ती स्टीमवर आली आणि पहिल्या महिन्यातच तिच्या काही लाख प्रती खपल्या. सगळे श्रेय चित्रांना देऊ नका. माऊसची सोय आणि ट्युटोरियलही त्याच वेळी आले. शिवाय ती चित्रे साधी, छोट्या चौकटींचीच आहेत. फक्त समोर काय आहे ते चटकन ओळखता येते.

तुमच्या गेममध्ये शत्रू आणि भिंत एकाच रंगाची असेल, तर महागडे थ्रीडी मॉडेलही उपयोगाचे नाही. आधी चौकोन-वर्तुळांवर खेळ पूर्ण करा, काही न सांगता वर्गमित्राला खेळायला द्या आणि तो कुठे अडतो ते पाहून मगच चित्रे काढायला बसा.